किल्पेकचे ग्रामदेऊळ : अर्थबोध की अर्थारोप?

पवित्र शास्त्राचे विवरण करताना उताऱ्यातून अर्थ काढणे आणि उताऱ्यात अर्थ घालणे यांतील भेद आपण प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकवितो. व्यासपीठावर हा भेद कटाक्षाने पाळणारे पाळकही देवळाच्या भिंतीपुढे उभे राहिले म्हणजे तो विसरतात. दगडावर पक्षी दिसला की तो पवित्र आत्मा, मासा दिसला की तो ख्रिस्त, वेल दिसला की ती मंडळी, असे उत्तर तत्काळ तयार असते. विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याचा मान राहतो आणि दगड काही तक्रार करीत नाही.

प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी सीमाभागातील एका जुन्या देवळात उपदेशकांच्या वर्गाला घेऊन गेलो असता, एका खांबाच्या पायथ्याशी कोरलेल्या माशाकडे बोट दाखवून मी पहिल्या शतकातील छळाच्या काळापासून त्या चिन्हाचा इतिहास सविस्तर सांगितला. मागे एक वृद्ध गवंडी उभा होता. सर्व ऐकून झाल्यावर तो नम्रपणे म्हणाला, "पाळकसाहेब, तो मासा माझ्या आज्यानं काढला. दगडाची तिथं खपली गेली होती. खड्डा दिसू नये म्हणून मासा." वर्गातील कोणी हसले नाही, हे त्यांचे सौजन्य. पण त्या वृद्धाच्या दोन वाक्यांत जी माहिती होती ती माझ्या पाऊण तासाच्या विवेचनात नव्हती, ही गोष्ट मनास लागून राहिली.

जुन्या ख्रिस्ती वास्तूंविषयी आपल्या भाषेत जे थोडेफार लिहिले जाते त्यात हाच दोष वारंवार आढळतो. तो नेमका कोठे घडतो आणि कसा टाळावा, हे पाहण्यासाठी एक लहान पण अत्यंत समृद्ध उदाहरण येथे घेतले आहे. इंग्लंडमधील किल्पेक या खेड्यातील १२ व्या शतकाचे देऊळ हे ते उदाहरण होय. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या एवढ्याशा वास्तूला जितके निरनिराळे अर्थ चिकटविण्यात आले तितके क्वचितच दुसऱ्या ग्रामदेवळाच्या वाट्याला आले असतील.

१. स्थळ आणि काळ

किल्पेक हे गाव हेरफर्डशायर परगण्यात, हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ९ मैलांवर आहे. वेल्सची सरहद्द तेथून जवळच. या टापूस पूर्वी आर्चनफील्ड म्हणत. राजा पहिला विल्यम याने इ. स. १०८६ मध्ये करविलेल्या डूम्सडे नावाच्या पाहणीत या टापूतील वेल्श लोकांचे रीतिरिवाज वेगळे नोंदविलेले आहेत. त्याच नोंदीत असे म्हटले आहे की, येथील राजाच्या तीन देवळांचे पुरोहित राजाचे निरोप वेल्समध्ये पोहोचवीत असत. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यास समजावून सांगणे हे पुरोहिताचे काम तेव्हाही होते. बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथे मराठी मंडळी सांभाळणाऱ्या वाचकांना त्याचे मर्म निराळे सांगावयास नको.

डूम्सडेच्या वेळी किल्पेक हे विल्यम फिट्झ नॉर्मन या नॉर्मन सरदाराकडे होते. त्याचा पुत्र ह्यू याने इ. स. ११३४ मध्ये किल्पेकचे संत डेव्हिडचे देऊळ आणि गढीतील संत मरियेचे प्रार्थनागृह ग्लॉस्टरच्या बेनेडिक्टीन मठास दान केले. डेव्हिड हा वेल्सचा संत, मरियेची भक्ती गढीतल्या नॉर्मनांची. आज देवळास संत मरिया आणि संत डेव्हिड अशी दोन्ही नावे आहेत. त्या जोडनावात विजेते आणि जित दोघांचीही खूण राहिली आहे.

आज उभे असलेले देऊळ या दानानंतर लवकरच, म्हणजे इ. स. ११४० च्या सुमारास, बांधले गेले असे मानतात. मुख्य दालनाच्या ईशान्य कोपऱ्यात त्याहून जुन्या, नॉर्मनपूर्व बांधकामाचा अवशेष आहे. देवळाच्या पश्चिमेस गढीचा मातीचा उंचवटा असून त्यावर पडक्या भिंतींचे तुकडे आहेत. ती गढी १७ व्या शतकातील यादवी युद्धात पाडली गेली. ग्लॉस्टरच्या मठाने येथे काढलेला लहान मठ १५ व्या शतकात बंद झाला आणि खुद्द ग्लॉस्टरचा मठ १५४० साली विसर्जित झाला. सरदार गेला, मठ गेला. गावाचे देऊळ तेवढे राहिले आणि आजही त्यात उपासना होते.

२. बाहेरून आत

अर्थाचा विचार करण्यापूर्वी वास्तू नीट पाहिली पाहिजे. हा क्रम चुकला की पुढचे सर्व चुकते.

तांबूस वालुकाश्मात बांधलेल्या या देवळाचे तीन भाग एकामागे एक जोडलेले आहेत : लोकांसाठी मुख्य दालन, त्यापुढे अरुंद वेदीकक्ष आणि शेवटी पूर्वेस अर्धवर्तुळाकार वेदीस्थान. भिंती जाड आणि खिडक्या लहान आहेत. गॉथिक शैलीतील टोकदार कमानी आणि आकाशाकडे झेपावणारे मनोरे यांना आपण 'चर्चचा खरा आकार' समजतो. येथे त्यांतले काही नाही. ही रोमनेस्क शैली, अर्धगोल कमानीची आणि भक्कम भिंतींची. छपराच्या वरची लहान घंटाकमान १९ व्या शतकातील आहे.

छपराच्या वळचणीखाली, भिंतीतून पुढे आलेल्या टेकूदगडांची एक ओळ देवळाला सभोवार फिरते. मूळच्या ९१ टेकूदगडांपैकी ८५ शिल्लक आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर काहीतरी कोरलेले आहे : मेंढे, डुकरे, पक्षी, माणसांचे मुखवटे, तंतुवाद्य वाजविणारा वादक, राक्षसी तोंडे. एकमेकांशेजारी बसलेले कुत्रा आणि ससा हे जोडपे तर पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आणते. याच ओळीत क्रूसासह कोकरा, म्हणजे देवाच्या कोकऱ्याचे ठरीव चिन्ह, आहे. आणि याच ओळीत, वेदीस्थानाच्या बाहेरच्या बाजूस, आपले गुह्यांग दोन्ही हातांनी उघडून दाखविणारी एक विद्रूप स्त्री-आकृतीही आहे. आयर्लंड-इंग्लंडमध्ये अशा आकृतींना शीला-ना-गिग म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीतून मोठी सर्पमुखे जबडा वासून बाहेर आली आहेत. त्यांच्या वळणात उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या लाकूडकामाची आठवण स्पष्ट आहे.

प्रवेश दक्षिणेकडून. द्वाराच्या वरच्या अर्धवर्तुळाकार शिलापटावर एक वनस्पती कोरली आहे. कोणी तिला द्राक्षवेल म्हणतात, कोणी जीवनाचा वृक्ष. बाहेरच्या कमानीवर अजगर, पक्षी आणि काल्पनिक पशू यांची मालिका आहे. बाहेरचे खांब एकमेकांस गिळणाऱ्या सर्पांनी वेढलेले आहेत. डावीकडील आतल्या खांबावर वेलींच्या गुंत्यात दोन सडपातळ योद्धे असून त्यांच्या अंगात ढगळ विजारी आहेत. उजवीकडच्या माथ्यावर एक मुख आहे, त्याच्या तोंडातून पालवी फुटून बाहेर पडते.

आत शिरल्यावर एकदम शांतता जाणवते. दालनाच्या भिंती साध्या आहेत. नजर थेट वेदीकक्षाच्या कमानीकडे जाते. तिच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर तीन-तीन पुरुष एकावर एक उभे आहेत. त्यांना प्रेषित वा संत मानतात. कमानीपलीकडे वेदीस्थानाचे छत दगडी फासळ्यांचे असून, त्या फासळ्या जेथे मिळतात त्या मध्यशिलेवर पुन्हा पशूंची मुखे आहेत. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

३. चार उत्तरे

जॉर्ज रॉबर्ट लुइस या चित्रकाराने १८४२ साली किल्पेकच्या शिल्पांची चित्रे विवरणासह प्रसिद्ध केली. पुढे या देवळाला जी कीर्ती लाभली तिचा आरंभ या ग्रंथापासून होतो, आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु लुइस यांचा निश्चय असा होता की, देवळावरील एकूणएक रेघ हा धर्मबोध असला पाहिजे. या निश्चयाचा परिणाम त्या विद्रूप स्त्री-आकृतीपाशी दिसतो. तिच्या जागी लुइस यांना एक मूर्ख पुरुष दिसला. त्याची छाती उघडी असून त्याचे अंतःकरण सर्वांस सारखेच खुले आहे, असा बोध त्यांनी त्यातून काढला, आणि त्यांचे चित्रही त्या बोधास अनुरूप उतरले. येथे चूक केवळ अर्थाची नव्हे. अर्थ आधी ठरला होता म्हणून डोळ्यांनी समोरची वस्तूच वेगळी पाहिली. अर्थारोपाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. लुइस अप्रामाणिक नव्हते. श्रद्धाळू मनुष्याकडूनही असे होते, हाच त्यातील धडा.

दुसरे उत्तर २० व्या शतकात पुढे आले. मार्गारेट मरे यांनी १९३४ साली अशा स्त्री-आकृतींचा संबंध सुफलतेच्या प्राचीन पूजेशी जोडला. लेडी रॅग्लन यांनी १९३९ साली पालवी ओकणाऱ्या मुखांना 'हिरवा मानव' असे नाव देऊन त्यांचा संबंध लोकांच्या वसंतोत्सवाशी लावला. या मताप्रमाणे देऊळ वरून ख्रिस्ती आणि आतून मूर्तिपूजक. प्रवासी पुस्तकांना हे उत्तर फार आवडते. परंतु त्याला १२ व्या शतकातील लेखी आधार नाही, आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे. अशा नग्न आकृती फ्रान्स आणि उत्तर स्पेनमधील त्याच काळाच्या अनेक देवळांच्या टेकूदगडांवर आहेत. खेडवळ वेल्श प्रजेने आपली जुनी देवता गुपचूप कोरून घेतली असे मानण्यापेक्षा, युरोपभर चालू असलेली शिल्पाची रीत सरदाराच्या आणि मठाच्या संबंधांतून येथे आली असे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे. पालवी ओकणारे मुख पाहून आपल्यापैकी कित्येकांस देवळाच्या उंबऱ्यावरील कीर्तिमुख आठवेल. आठवावे, त्यात दोष नाही. पण साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध झाले, असे समजू नये.

तिसरे उत्तर अँथनी वेअर व जेम्स जर्मन यांनी १९८६ च्या ग्रंथात मांडले. या आकृती वासनेविरुद्ध दिलेला इशारा आहेत, पापाची कुरूपता दाखवून भक्तास सावध करणे हा त्यांचा हेतू, असे ते म्हणतात. युरोपातील उदाहरणांची तुलना करून केलेले हे विवेचन पहिल्या दोहोंपेक्षा पुष्कळ भक्कम आहे, आणि त्या एका स्त्री-आकृतीपुरते ते पटते. पण कुत्रा आणि ससा कोणते पाप दाखवितात? वादक सुखविलासाचे प्रतीक म्हणावा, तर देवाचा कोकरा त्याच ओळीत कसा? एका दगडाची किल्ली ८५ कुलपांना लावू गेले की ती अडकते.

चौथे उत्तर मायकेल कमील यांचे. मध्ययुगीन हस्तलिखितांचे समास आणि वास्तूंच्या कडा येथील विचित्र चित्रांविषयी त्यांनी १९९२ साली लिहिले. मध्यभागी पवित्र व्यवस्था आणि कडेला तिची चेष्टा, अशी मांडणी त्या काळच्या मनास मान्य होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यात सत्याचा मोठा अंश आहे, कारण ते जागेकडे पाहते. तथापि किल्पेकची मध्यशिला येथे आडवी येते. पशू फक्त कडेलाच नाहीत. वेदीच्या थेट वर, छताच्या हृदयस्थानी, त्यांचीच मुखे आहेत आणि फासळ्या तेथे एकत्र धरल्या आहेत.

४. समकालीनांची साक्ष

त्या काळच्या धर्मपुरुषांना या शिल्पांविषयी काय वाटत होते, हे पूर्णतः अज्ञात नाही. क्लेर्व्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी सुमारे ११२५ साली, म्हणजे किल्पेकच्या आधी अवघी १५ वर्षे, मठांच्या ओसऱ्यांतील अर्धमानव, वानर आणि अनेक देहांच्या पशूंवर कडक टीका केली. त्यांची तक्रार अशी की, भिक्षू ग्रंथाऐवजी दगडच वाचत बसतील, आणि या मूर्खपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटावी. ही टीका फार महत्त्वाची आहे. त्या पशूंचा सर्वमान्य धार्मिक अर्थ असता, तर बर्नार्डांसारख्या विद्वानास तो ठाऊक असता. त्यांना तो दिसला नाही. दिसला तो आकर्षकपणा, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती.

उलट बाजूने पोप पहिले ग्रेगरी यांचे वचन नेहमी पुढे केले जाते. मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी मूर्ती फोडल्या, तेव्हा इ. स. ६०० च्या सुमारास त्यांना लिहिलेल्या पत्रात ग्रेगरी म्हणतात की, वाचता येणाऱ्यास जे लिखाणातून मिळते ते न येणाऱ्यास चित्रातून मिळते. यावरून 'मध्ययुगीन देऊळ म्हणजे निरक्षरांचे शास्त्र' हे वाक्य आपल्या वर्गांत रूढ झाले. किल्पेकवर ते लावून पाहावे. येथे बेथलेहेम नाही, कालवरी नाही, पुनरुत्थानाचा प्रसंग नाही. शास्त्र न वाचलेल्या शेतकऱ्यास या भिंतीवरून शुभवर्तमानातील एकही कथा कळली नसती.

मग त्या शिल्पकारांना कथा कोरता येत नव्हती काय? हे कारागीर ज्या संप्रदायाचे, त्यास अभ्यासक हेरफर्डशायर संप्रदाय म्हणतात. जॉर्ज झार्नेकी आणि नंतर माल्कम थर्लबी यांनी त्याचा कसून अभ्यास केला आहे. या संप्रदायाची इतर कामे आसपासच्या खेड्यांत आहेत. कॅसल फ्रोमच्या स्नानकुंडावर प्रभूचा बाप्तिस्मा आहे. अर्डिस्लीच्या कुंडावर ख्रिस्त अधोलोकातून मनुष्यास ओढून काढतो. स्ट्रेटन सुगवास येथे शमशोन सिंहाचा जबडा फाडतो, तर रोल्स्टोनच्या द्वारावर ख्रिस्त वैभवात आसनस्थ आहे. म्हणजे कथा सांगण्याचे सामर्थ्य होते. किल्पेकच्या द्वारावर ख्रिस्त, संत वा प्रसंग न ठेवता वनस्पती ठेवली, ही निवड होती. हा निष्कर्ष कल्पनेने काढलेला नाही. शेजारच्या गावांशी तुलना करून काढला आहे. माझ्या मते किल्पेकविषयी धर्मदृष्ट्या सर्वांत मोलाचे विधान हेच आहे.

या संप्रदायाचे मूळ शोधतानाही असाच भक्कम धागा सापडतो. शॉबडन येथील देवळाचा संस्थापक ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड हा ह्यू द मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी होता. तो स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे यात्रेस जाऊन आला होता. सांतियागोच्या दक्षिण दारावरील संगमरवरी स्तंभांवर संत एकावर एक उभे आहेत. किल्पेकच्या वेदीकमानीवरचे सहा पुरुष त्यांचे खेड्यातले भाऊबंद दिसतात. पश्चिम फ्रान्समधील कमानी, नॉर्स वळणे आणि इंग्लंडची जुनी गाठींची नक्षी ही सर्व एका लहान सरहद्दीवरील देवळात एकत्र आली. कारागिरांनी यांतील काहीही परके म्हणून टाकले नाही.

५. जागा, तुलना आणि मौन

तर मग वाचावे कसे? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, जागा. कोणती आकृती कोठे आहे हे तिच्या रूपाइतकेच महत्त्वाचे. बाहेर वळचणीस सर्व सृष्टी गर्दी करते. द्वारावर वेल आहे. आत लोकांसाठी मोकळी जागा, वेदीच्या उंबरठ्यावर साक्षीदार आणि वेदीवर छत. हा क्रम बांधणाऱ्यांनी दगडातच मांडला आहे. तो आपण लादलेला नाही. द्वारावरील वनस्पती द्राक्षवेल असो वा जीवनवृक्ष, योहानाच्या १५ व्या अध्यायाकडे पाहावे की प्रकटीकरणाच्या २२ व्या, हे दारात उभा असलेला उपदेशक सांगू शकतो. पण 'असे पाहता येते' या शब्दांत सांगावे, 'असेच आहे' या शब्दांत नव्हे.

दुसरी, तुलना. एकच आकृती पाहून बोलू नये. शेजारची दहा पाहावी, मग बोलावे.

तिसरी, मौन. मध्यशिलेवरील पशुमुखांपाशी मी थांबतो. 'पाप बाहेर, पावित्र्य आत' हे सोपे सूत्र ती मुखे मोडतात. स्तोत्र १४८ मध्ये जलचर राक्षस, वनपशू आणि सरपटणारे प्राणी यांनाही परमेश्वराच्या स्तवनासाठी बोलाविले आहे, हे आठवते आणि मनास बरे वाटते. पण कारागिराच्या मनात ते स्तोत्र होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. स्तोत्र माझ्या मनात आले, एवढेच मी म्हणावे. तेवढ्याने उपदेश दुबळा होत नाही. ज्याच्या हाती शास्त्र आहे त्याला दगडाची खोटी साक्ष उभी करण्याची गरजच काय?

६. जतनाचा प्रश्न

अर्थाविषयीची ही शिस्त आणि वास्तूचे जतन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्यास अर्थ आधीच ठाऊक असतो, तो दगडाची फिकीर करीत नाही.

शॉबडनचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. हेरफर्डशायर संप्रदायाचे हे बहुधा सर्वांत वैभवशाली काम. १८ व्या शतकाच्या मध्यास तेथील जुने देऊळ पाडून तत्कालीन रुचीचे नवे बांधले. जुन्या कमानी आणि द्वारशिला मात्र जवळच्या टेकडीवर शोभेसाठी उघड्यावर उभारल्या. पाडणाऱ्यांना त्या सुंदर वाटत होत्या, म्हणूनच त्यांनी त्या ठेवल्या. पण छप्पर गेले. सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या पावसाने आणि हिमाने ख्रिस्ताची आकृती आता ओळखू येणे कठीण झाले आहे. १९ व्या शतकात घेतलेले साचे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होते. १९३६ च्या आगीत तेही गेले. किल्पेक वाचले, कारण ते देऊळच राहिले आणि त्याचे छप्पर दर पिढीने शाकारले.

दुसरा धडा गोव्याचा आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या बाहेरील भिंतींचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात एका जीर्णोद्धारात काढण्यात आला. उघडा जांभा अधिक प्राचीन दिसावा ही त्यामागील हौस. जांभा सच्छिद्र असतो. गिलावा हेच त्याचे पावसाळ्यातील वस्त्र. ते काढल्यापासून भिंती झिजत आहेत आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर वाद चालू आहे. बांधणाऱ्यांच्या हेतूवर आपल्या आवडीचा अर्थ लादला म्हणजे दगडाची झीज होते, ही येथे अलंकारिक भाषा नाही.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तुरक्षक संस्था स्थापिली, ती याच हौसेविरुद्ध. 'पूर्वीसारखे नवे' करण्यापेक्षा जे आहे ते दुरुस्त ठेवावे, हे तिचे सूत्र. तेथील अँग्लिकन मंडळीने १९५५ च्या नियमाने प्रत्येक देवळाची दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासणी बंधनकारक केली. आपल्याकडे एवढे नाही झाले, तरी काही गोष्टी कोणत्याही पाळकास करता येतील. पावसाळ्यापूर्वी पन्हळी व छपराची कौले पाहावी. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरू नये. सिमेंट ओल आत कोंडून ठेवते आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. कोरीव दगडास ऑइलपेंट फासू नये. काहीही पाडण्यापूर्वी छायाचित्रे घेऊन मंडळीच्या दप्तरात ठेवावी. आणि गावातील वृद्ध गवंडी, सुतार, जुने वडीलजन हयात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवावे.

७. समारोप

किल्पेकचा विषय आपल्यापासून दूरचा, असे कोणास वाटेल. आपली देवळे बहुतेक १६ व्या शतकानंतरची आहेत. देशावरची तर १९ व्या शतकातील, इंग्रजी ग्रामदेवळाचा नमुना पुढे ठेवून बांधलेली. परंतु त्यांच्याही भिंतींवर स्थानिक हातांनी कमळे, वेली आणि मोर कोरले आहेत. गोव्यातील जुन्या प्रवचनपीठांच्या तळाशी तर नागिणींच्या आकृती भार वाहत बसल्या आहेत. या आकृतींविषयी दोन प्रकारची मते कानी येतात. एक म्हणतो, या मूर्तिपूजेच्या खुणा आहेत, पुसून टाका. दुसरा म्हणतो, यात गूढ ख्रिस्ती प्रतीक दडले आहे. पाहण्याचे कष्ट दोघेही टाळतात, म्हणून दोघांचे निर्णय एकाच दोषातून निघतात.

सरहद्दीवरच्या त्या कारागिरांनी वेल्श, नॉर्मन, नॉर्स आणि यात्रामार्गावरची सर्व वळणे एका वास्तूत घेतली. त्या सर्वांमधून जाणारी वाट मात्र त्यांनी वेदीकडेच नेली. ही वाट बाराव्या शतकापासून आजतागायत गावकरी चालत आहेत. त्यांतील फार थोड्यांना टेकूदगडांचा अर्थ ठाऊक असेल. वाटेवरून चालण्यास तो लागला नाही.

माझ्या त्या खांबावरील माशाकडे मी अलीकडे पुन्हा गेलो. वृद्ध गवंडी आता नाहीत. उपदेशकांच्या नव्या वर्गास मी सांगितले की, या गावच्या एका गवंड्याने दगडाची खपली झाकण्यासाठी हा मासा कोरला, आणि ही गोष्ट त्याच्या नातवाने मला सांगितली. मग एका विद्यार्थ्याने विचारले, "पण साहेब, खपली झाकायला त्यांनी फूल न काढता मासाच का काढला?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले. तो खाली वाकून बराच वेळ माशाकडे पाहत राहिला.